निद्रौषधांची मुदत

झोपेची गोळी चांगली की वाईट, असा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर देणारे दोन पक्षही जणू ठरून गेलेले आहेत: एका पक्षाच्या मते तिला शिवणेदेखील अनिष्ट, तर दुसऱ्याच्या मते रात्रभर कूस बदलत पडण्यापेक्षा एक चिमुकली गोळी घेऊन मोकळे झालेले बरे. या वादात जो मुद्दा सहसा कोणी काढीत नाही, आणि ज्यावाचून वादाला काही अर्थ उरत नाही, तो मुदतीचा. निद्रानाशावर आणि रात्री उसळणाऱ्या चिंतेवर दिली जाणारी शामक औषधे ही अल्प मुदतीची औषधे आहेत. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत त्यांनी जे काही भले-बुरे केले असेल त्याचा निवाडा त्यांच्या रासायनिक गुणदोषांवरून होणार नाही, तर ज्याने ती सुरू केली त्याने ती थांबवण्याची तजवीज केली होती की नाही, यावरून होईल.

हा प्रदेश जागरणाचा आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. नीरा डाव्या कालव्याच्या आणि पुढे भीमेवरील उजनी धरणाच्या पाण्याने या दोन तालुक्यांचा बराच भाग उसाखाली आणला. ऊस आला तसे कारखाने आले, आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांचे गाळप एकदा सुरू झाले की ते रात्र आणि दिवस असा भेद मानीत नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील पाळ्यांचीही तीच कथा. परंतु या सर्वांपेक्षा अधिक माणसांची झोप जर कशाने मोडत असेल तर ती शेतीपंपाच्या विजेने. शेतीला मिळणारी थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने येते, म्हणजे आठवड्यातील काही दिवस ती दिवसा असते आणि उरलेले दिवस रात्री. आणि रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला हातात बॅटरी घेऊन मध्यरात्री उसात दारे धरायला जावेच लागते. सापाकिरड्याचे भय पूर्वापार होतेच; त्यात आता उसाच्या फडात बिऱ्हाड करून राहिलेल्या बिबट्याच्या भयाची भर पडली आहे. पहाटे घरी यावे तर गोठ्यात धारा काढण्याची वेळ झालेली असते, आणि डेअरीची गाडी कोणाच्या झोपेसाठी थांबत नाही.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून निमगाव केतकी, इंदापूर अशी पुढे जाते तेव्हा मुक्कामाच्या गावी रात्र रात्र भजनात जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल कोणी दवाखान्यात तक्रार घेऊन जात नाही. स्वेच्छेने पत्करलेले जागरण आणि लादलेले जागरण यांत देहाला केवढा फरक वाटतो हे ज्याला पाहायचे असेल त्याने ते तेथे पाहावे. दारे धरून आलेल्या माणसाला पुढच्या चार रात्री झोप लागत नाही, तेव्हा त्याच्या देहातील घड्याळ बिघडलेले नसते. ते दर आठवड्याला दुसराच कोणी पुढे-मागे करीत असतो. अशा माणसाच्या हाती शामक गोळी देणे म्हणजे महावितरणाच्या वेळापत्रकावर औषधोपचार करणे होय, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती असेल. पण फारशी नाही.

निद्रेवर इलाज शोधण्याची खटपट मात्र आजची नव्हे. आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रेला शरीराचा उपस्तंभ मानणाऱ्या चरकसंहितेने झोप आणणाऱ्या द्रव्यांत म्हशीच्या दुधाला अग्रस्थान दिले आहे, आणि दुधाच्या धंद्यावर ज्यांचा प्रपंच चालतो अशा या तालुक्यांत ती शिफारस आजही कोणाला परकी वाटणार नाही. जायफळ, खसखस, जटामांसी, तगर ही त्याच परंपरेतील मंडळी. याच परंपरेची एक काळी बाजूही आहे: मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या बाया विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, आणि त्यानंतरही काही काळ, तान्ह्या मुलांना अफूचा अंश असलेली बाळागोळी चाटवून निजवीत आणि कामावर जात. पाळीची नोकरी आणि शामक औषध यांची सांगड महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच पडली होती, एवढे त्यावरून ध्यानात यावे. फरक इतकाच की तेव्हा गोळी मुलाला मिळे, आता ती पाळीवर जाणाराच घेतो. सर्पगंधा या वनस्पतीची कथा अधिक उजळ आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद आणि रक्तदाब यांवर तिचा उपयोग वर्णिला, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिच्या परिणामाचा लेख ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध करून जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले, आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे काढण्यात आले. पुढे या द्रव्याने काही रुग्णांच्या मनावर खिन्नतेचे मळभ येते असे आढळून आले आणि शामक म्हणून त्याचे महत्त्व ओसरले.

पाश्चात्य औषधांचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे, कारण त्यात एकच प्रसंग पुनःपुन्हा घडलेला दिसतो. १८६९ मध्ये क्लोरल हायड्रेट आले, १९०३ मध्ये बार्बिटाल आणि १९१२ मध्ये फेनोबार्बिटाल आले. प्रत्येक औषध निरुपद्रवी म्हणून आले, घरोघर पोचले, आणि त्याची सवय लागते व मात्रा थोडी चुकली तर जीव जातो हे कळायला एक पिढी जावी लागली. १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम बाजारात आले, तेव्हा ती बार्बिटालच्या कुळातील औषधांहून खरोखरच पुष्कळ सुरक्षित होती. त्यातील डायझेपाम आपल्याकडे काम्पोज या नावाने इतके रुळले की एका पिढीला झोपेची गोळी म्हणजे काम्पोज एवढेच ठाऊक होते. त्याच बेन्झोडायझेपीन वर्गातील नायट्राझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही नावे मागाहून आली. आणि झोल्पिडेम व झोपिक्लोन ही त्यांची चुलत भावंडे, ज्यांना झेड-वर्ग म्हणतात, ती ‘सवय न लावणारी’ अशी ख्याती मिरवीत आली. ती ख्यातीही टिकली नाही.

ही औषधे करतात काय, हे समजून घेणे कठीण नाही. मेंदूत गाबा नावाचे एक द्रव्य पेशींच्या उत्तेजनाला आवर घालण्याचे काम करीत असते. बेन्झोडायझेपीन आणि झेड-वर्ग यांची औषधे गाबाच्या ग्राहींवर बसून त्या आवराला बळ देतात, आणि परिणामी चिंता शमते, स्नायू सैल पडतात, झोप येते आणि स्मरणशक्तीची धारही थोडी बोथट होते. या चार गोष्टी एकाच दाराने आत येतात. त्यांतील एक घेतली आणि बाकीच्या नाकारल्या, अशी मुभा रुग्णाला नाही. वेगवेगळ्या गोळ्यांत जो खरा भेद आहे तो त्यांच्या अंमलाच्या कालावधीचा. झोल्पिडेम रक्तातून दोन-तीन तासांत निम्मे होते. अल्प्राझोलामला सुमारे ११ तास लागतात, क्लोनाझेपामला ३० ते ४०, आणि डायझेपाम तर त्याच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या द्रव्यांसह कित्येक दिवस शरीरात रेंगाळते. म्हणजे रात्री घेतलेली क्लोनाझेपामची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर चालविताना अंगात असतेच, आणि तिसऱ्या रात्री घेतलेल्या गोळीच्या स्वागताला पहिल्या दोन रात्रींचे शिल्लक औषध हजर असते.

मग या साऱ्याच्या मोबदल्यात झोप किती मिळते? येथे आकडे पाहिले की सामान्य वाचकाला आश्चर्य वाटेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे दाखल झालेल्या चाचण्यांचा हिशेब मांडून २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जो निष्कर्ष आला, त्यानुसार झेड-वर्गाच्या औषधांनी झोप लागण्याचा वेळ, नुसत्या साखरेच्या गोळीच्या तुलनेत, सरासरी २२ मिनिटांनी कमी झाला. कॅनडात २००० मध्ये झालेल्या एका संकलनात बेन्झोडायझेपीनने एकूण झोप सुमारे एका तासाने वाढल्याचे आढळले. वय वर्षे ६० च्या पुढील रुग्णांपुरता २००५ मध्ये जो हिशेब झाला तो याहून बोलका आहे: सरासरी १३ जणांना औषध द्यावे तेव्हा एकाला त्याचा जास्तीचा लाभ होई, आणि ६ जणांना द्यावे तेव्हा एकाला काहीतरी अपाय. २२ मिनिटे ही गोष्ट क्षुल्लक आहे असे मला म्हणायचे नाही. ज्याचा पाच रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही त्याला सहाव्या रात्रीची २२ मिनिटे किती मोलाची, हे त्याचे त्यालाच ठाऊक. परंतु पाच वर्षे रोज गोळी घेणाऱ्याला त्या २२ मिनिटांचा जो हिशेब चुकता करावा लागतो तो मात्र कोणी त्याला वाचून दाखवलेला नसतो.

ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९८८ मध्येच ताकीद दिली होती की बेन्झोडायझेपीन औषधे तीव्र, माणसाला असह्य होणाऱ्या चिंतेपुरती आणि निद्रानाशापुरती, तीही दोन ते चार आठवडेच द्यावीत. युरोपातील निद्रातज्ज्ञांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये या औषधांची सर्वसाधारण मर्यादा चार आठवड्यांचीच ठेवली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या वर्गाच्या प्रत्येक औषधावर सवय, गैरवापर आणि बंद केल्यावर होणारे त्रास यांविषयी चौकटीतला इशारा सक्तीचा केला. शास्त्राचा हुकूम असा स्पष्ट असताना व्यवहारात घडते ते आपल्या सोसायटीच्या पीककर्जासारखे. कर्ज वर्षाच्या मुदतीचे असते, मार्चअखेर ते भरले जाते आणि दुसऱ्याच दिवशी तितकेच पुन्हा उचलले जाते. दफ्तरी प्रत्येक कर्ज अल्पमुदतीचेच राहते, आणि शेतकरी मात्र जन्मभर कर्जात असतो. याला गावात ‘नवे-जुने करणे’ म्हणतात. झोपेच्या गोळीचे अगदी असेच नवे-जुने होते: चिठ्ठी १५ दिवसांची, पण तिच्यामागून तशाच दुसऱ्या चिठ्ठ्या येत राहतात, आणि कधी कधी जुन्याच चिठ्ठीवर वर्ष निघून जाते.

आता ती चिठ्ठी जवळून पाहावी. तीवर औषधाचे नाव, पुढे ‘०–०–१’, म्हणजे सकाळी नाही, दुपारी नाही, रात्री एक. आणि त्यापुढे दिवसांची संख्या, जी बहुधा घाईत काढलेली असते. गोळी केव्हा बंद करावी, बंद करताना अर्धी करावी की एक दिवसाआड घ्यावी, याविषयी एक अक्षर नसते. ही चिठ्ठी घेऊन माणूस मेडिकलमध्ये जातो. पूर्ण पट्टी परवडत नाही म्हणून, किंवा तितकी नको म्हणून, दुकानदार कात्रीने पट्टीच्या पाच गोळ्या कापून कागदी पाकिटात घालून देतो. आणि ज्या तुकड्यावर औषधाचे नाव, मुदत संपण्याची तारीख आणि लाल चौकटीतला इशारा छापलेला असतो तो तुकडा पुष्कळदा दुकानातच राहतो. घरी पोचते ती नाव-गाव नसलेली गोळी, जिची ओळख पुढे ‘ती बारीक पांढरी’ एवढीच. दुसऱ्या डॉक्टराने काही चालू आहे का असे विचारले तर रुग्ण प्रामाणिकपणे ‘बीपीची एक आणि झोपेची एक’ म्हणून सांगतो, आणि दोन्हींपैकी एकीचेही नाव कोणाला कळत नाही.

कायद्यात उणीव आहे असे मात्र नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनी ही औषधे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केलीच होती. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘एच-वन’ ही नवी अनुसूची काढण्यात आली, ती १ मार्च २०१४ पासून अमलात आली, आणि तीतील औषधांसाठी डॉक्टर, रुग्ण, औषध व संख्या यांची नोंद वेगळ्या रजिस्टरात करून ते तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन दुकानदारावर आले. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, मिडाझोलाम आणि झोल्पिडेम यांची नावे त्या यादीत होती. ज्या क्लोनाझेपामचा आज सर्वत्र संचार आहे ते मूळच्या ४६ नावांत नव्हते, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याची छाया यांतील बहुतेक औषधांवर आहेच. पण बंदोबस्ताची ही सारी यंत्रणा चोरट्या विक्रीवर डोळा ठेवून उभारलेली आहे. नाशिक जिल्ह्यातील मालेगावात (बारामतीजवळच्या नव्हे) ‘कुत्ता गोळी’ म्हणून जे अल्प्राझोलाम नशेसाठी विकले जाते, किंवा ताडीत मिसळण्यासाठी आणलेले जे क्लोरल हायड्रेट महाराष्ट्रात वेळोवेळी जप्त होते, त्याच्यासाठी ती योग्यच आहे. सणसरची किंवा बावड्याची एखादी आजी दर महिन्याला रीतसर चिठ्ठीवर, रीतसर नोंदीनिशी, तीच गोळी दहा वर्षे नेत असेल तर त्या रजिस्टराला त्यात खटकण्याजोगे काहीच सापडणार नाही.

याहूनही अवघड प्रकरण आहे ते न सांगता दिल्या जाणाऱ्या शामकांचे. आपल्या बाजारात संयुक्त गोळ्यांची रेलचेल आहे: उदासीनतेवरील एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत, धडधडीवरील प्रोप्रानोलोल आणि अल्प्राझोलाम एकाच गोळीत, अमिट्रिप्टिलीन आणि क्लोरडायझेपॉक्साइड एकत्र, आणि पोटात मुरडा येतो म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळीतही क्लिडिनियमच्या सोबतीला क्लोरडायझेपॉक्साइड. पोटाचा रुग्ण आपण पोटाचे औषध घेतो असे समजत असतो. ते संपले आणि त्याने आठ दिवस आणले नाही की त्याला झोप येत नाही, हातपाय कापतात, आणि तो म्हणतो, ‘पोटाची गोळी बंद केली की मला बरंच वाटत नाही.’ संयुक्त गोळीचे मुख्य वैगुण्य असे की तिचा एक घटक महिनोन्महिने चालावा लागतो आणि दुसरा तीन आठवड्यांत थांबावा लागतो. एकाच गोळीत दोघांना बांधल्यावर मुदत पाळणे कोणाच्याच हाती राहत नाही.

रात्रीच्या चिंतेविषयी दोन शब्द निराळे लिहिले पाहिजेत, कारण तिच्याबाबत गोळीला जे श्रेय मिळते त्यातील बराच भाग तिचा नसतो. रात्री अकरा-बाराला माणूस दचकून उठतो, छातीत धडधड होते, श्वास पुरत नाही, आता आपले काही खरे नाही असे वाटते. घरचे त्याला गाडीत घालून बारामतीला नेतात, तेथे इसीजी निघतो, तो निर्मळ असतो, ‘गॅस झाला’ असे कोणीतरी म्हणते आणि एक अल्प्राझोलाम जिभेखाली किंवा पाण्याबरोबर दिली जाते. अर्ध्या तासाने त्याला बरे वाटते. आता या झटक्याचा स्वभाव असा की तो साधारण दहा मिनिटांत कळसाला पोचतो आणि मग आपोआप उतरू लागतो. गोळीचा अंमल चढायला त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे गोळी कामाला लागते तेव्हा शत्रू बहुतांशी माघारी वळलेला असतो, पण जयघोष गोळीचाच होतो, आणि तेव्हापासून तो माणूस शर्टाच्या खिशात पट्टीचा तुकडा बाळगल्याशिवाय लग्नालाही जात नाही. अशा रुग्णाला एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन यांसारखे औषध लागते, ज्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. आणि तेवढ्या मधल्या काळासाठी शामक गोळी हे खरोखर उत्तम साधन आहे. तिची खरी जागा ही अशी, पैलतीर दिसत असताना.

दुसरी तशीच जागा शोकाची. घरात अवचित मृत्यू झाला, कर्ता माणूस गेला, तर पहिल्या काही रात्री विधवेला किंवा आईला अर्धी गोळी देऊन निजवणे यात कोणी दोष पाहू नये. येथे रूढीने मुदतही नेमून दिलेली आहे: दहावा होतो, तेरावा होतो, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि त्याच बेताने गोळीही थांबवावी. अडचण एवढीच की पाहुणे जातात तेव्हा घर रिकामे होते, आणि त्याच दिवसापासून गोळीची गरज अधिक भासू लागते. त्या दिवशी बाईकडे फेरी मारणारी आशा कार्यकर्ती किंवा शेजारीण गोळीपेक्षा अधिक उपयोगी पडेल, असे मी अनुभवाच्या नव्हे तर तर्काच्या आधाराने म्हणतो. दोन गोष्टी मात्र तर्कावर सोडण्याजोग्या नाहीत. शोकात, कर्जाच्या तगाद्यात किंवा खिन्नतेत असलेल्या माणसाच्या घरी या गोळ्यांचा मोठा साठा असू नये, आणि ज्याला जगणे नकोसे झाले आहे त्याचा प्रश्न झोपेचा नाही हे ओळखून त्याला त्याच दिवशी डॉक्टरांपुढे न्यावे. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची सरकारी सेवा २०२२ पासून दिवसरात्र आणि मराठीतून उपलब्ध आहे.

अपायांचा तपशील सर्वज्ञात असल्याने तो लांबवीत नाही. म्हाताऱ्या माणसाने गोळी घेतली, रात्री लघवीला उठला, अंधारात तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले, ही कहाणी प्रत्येक गावात एकदा तरी घडलेली असते. दारूबरोबर किंवा ट्रामाडोलसारख्या वेदनाशामकाबरोबर ही औषधे श्वासाचा वेग धोकादायक रीतीने मंद करतात. जो माणूस घोरताना मध्येच श्वास थांबून दचकतो त्याची झोप मोडते ती श्वासामुळे, आणि त्याला शामक देणे म्हणजे रोगालाच साहाय्य करणे. ज्या बाईचे पाय अंथरुणावर पडल्यावर शिवशिवतात तिचे पुष्कळदा लोह कमी असते. ज्याला रात्रीतून पाच वेळा उठावे लागते त्याची साखर किंवा प्रोस्टेट तपासावी. झोपेच्या तक्रारीमागे चहा, मिशेरी, दारू, थायरॉइड, दुखणारा गुडघा यांपैकी काही आहे का हे विचारायला दहा मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या दवाखान्यात गोळी लिहायला दहा सेकंद. यात डॉक्टरांच्या नीतीपेक्षा रांगेच्या लांबीचा भाग मोठा आहे, हे न्यायबुद्धीने मान्य करावे लागेल.

थांबवणे हाच या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित अध्याय. महिनोन्महिने रोज घेतलेली गोळी एका रात्रीत फेकून देणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या रात्री पूर्वीपेक्षा अधिक जागा राहतो, त्याला घाम सुटतो, आवाज सोसत नाहीत, आणि मोठ्या मात्रेवर असेल तर त्याला फीटही येऊ शकते. हा मूळ रोग परत आला नसून औषधाच्या माघारीचा तात्पुरता कल्लोळ आहे, हे कोणी आधी सांगितलेले नसते. म्हणून तो घाईने गोळीकडे परततो आणि तिच्यावाचून आपले चालणार नाही अशी त्याची कायमची खात्री होते. शहाणा मार्ग आठवड्यागणिक थोडी थोडी मात्रा उतरविण्याचा, जुन्या सवयीत काही महिने लावण्याचा, आणि तोही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. कॅनडात क्वेबेक प्रांतातील औषध-दुकानांमार्फत ६५ वर्षांवरील गोळी घेणाऱ्यांना नुसती एक माहितीपत्रिका दिली गेली, जीत धोके आणि उतरत्या मात्रेचे वेळापत्रक होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सहा महिन्यांनी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडलेली आढळली, पत्रिका न मिळालेल्यांत ५ टक्क्यांनी. आमच्याकडे मेडिकलच्या गल्ल्याशी असलेली ओळख डॉक्टराशी असलेल्या ओळखीपेक्षा पुष्कळदा जुनी असते. तेव्हा हा प्रयोग बारामतीच्या भिगवण रस्त्यावर किंवा इंदापूरच्या पेठेत करायला परदेशी विद्वत्ता लागत नाही. मराठीत छापलेला एक कागद लागतो, आणि विक्री कमी होईल हे ठाऊक असूनही तो हातात देणारा दुकानदार लागतो. हा दुसरा घटक दुर्मिळ आहे, तरी अगदीच अप्राप्य नाही.

औषधाविना उपचाराचे जे शास्त्र आहे त्याला ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या चिकित्सकांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावरील पहिला उपचार म्हणून मान्यता दिली. त्याचा गाभा दोन नियमांत आहे: झोप येत नसेल तर अंथरुणावर तळमळत पडू नये, उठून बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परतावे, आणि अंथरुणावरचा एकूण वेळ प्रत्यक्ष झोपेइतकाच ठेवून, उठण्याची वेळ रोज एकच राखून, तो हळूहळू वाढवावा. पहिले दोन आठवडे हा उपचार गोळीपेक्षा त्रासाचा असतो. त्याचा गुण मात्र उपचार संपल्यावरही टिकतो, जो गोळीचा टिकत नाही. तो शिकवायला माणूस लागतो, आणि येथे आपली यंत्रणा तोकडी पडते. १९८२ मध्ये राष्ट्रीय आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीत मानसिक विकारांच्या बहुसंख्य रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले, आणि त्या पाहणीच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. येरवड्याचे मनोरुग्णालय बारामतीपासून सुमारे १०० आणि इंदापूरपासून सुमारे १४० किलोमीटर. झोप येत नाही म्हणून तेथे कोणी जाणार नाही, आणि जाऊही नये. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय पूर्वीपासून आहे, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तेथील मनोविकार विभागाकडे जाण्याची वाट लोकांच्या पायाखालची होणे हीच आता अपेक्षा.

तेथे बसणाऱ्या समुपदेशकापुढे एक अडचण अशी येणार आहे की जिचा उल्लेख परदेशी पुस्तकांत सापडत नाही. ‘रोज सहाला उठा’ हा नियम त्याने सोमवारी सांगितला आणि गुरुवारपासून शेतकऱ्याची वीज रात्री साडेबाराला येऊ लागली तर तो नियम त्याच आठवड्यात मोडणार. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने शेतीला दिवसा वीज देण्याचे काम हाती घेतले आहे, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे; जेथे ती वाहिनी पोचली तेथे हा प्रश्न निम्मा सुटेल. जेथे ती पोचलेली नाही तेथे समुपदेशकाने रुग्णाची झोपेची नोंदवही उघडण्यापूर्वी त्याच्या फीडरचे वेळापत्रक मागून घ्यावे, रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात दुपारची दीड-दोन तासांची झोप हिशेबात धरावी, आणि गोळी उतरविण्याचा आरंभ दिवसाच्या पाळीच्या आठवड्यात करावा.